मिक्सिंग व्हॉल्व्ह नवा टाकला तरी फरशी गारच? आधी पाइपांचं तापमान मोजा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. घरात अंडरफ्लोअर हीटिंग आहे, म्हणजे फरशीखालच्या पाइपांत गरम पाणी फिरवून खोली तापवायची सोय, बॉयलर ७०-७५ डिग्रीचं पाणी देतोय, रेडिएटरला हात लावता येत नाही, आणि फरशी मात्र कोमट. नाहीतर सकाळी गार आणि दुपारी एवढी तापलेली की अनवाणी चालायला नको वाटतं. मग कुणीतरी येऊन सांगतं की मिक्सिंग व्हॉल्व्ह गेलाय, नवा टाका, नवा टाकला जातो, चार दिवस बरं चालल्यासारखं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसऱ्या वेळी कंपनी बदलून बघतात, तरी तेच.

माझं स्पष्ट मत असं की व्हॉल्व्ह हा सगळ्यात शेवटी बदलायचा पार्ट आहे. तो बिघडत नाही असं नाही, अडकतो, क्षार बसतात, आतलं एलिमेंट, म्हणजे तापमानाप्रमाणे हलणारा भाग, मरतं, सगळं होतं. पण जी तक्रार परत परत येते तिचं कारण बहुधा व्हॉल्व्हच्या बाहेर असतं, म्हणजे साइज चुकीची, पंप चुकीच्या जागी, रिटर्नमधून, म्हणजे परतीच्या लाइनमधून, पाणी उलटं वाहतंय किंवा सेन्सर नुसता लोंबकळतोय. नवा व्हॉल्व्ह टाकून यातलं काहीच सुधारत नाही.

आधी व्हॉल्व्ह करतो काय ते थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तीन तोंडं असतात, एकातून बॉयलरचं गरम पाणी येतं, दुसऱ्यातून फरशीतून फिरून आलेलं गार झालेलं रिटर्नचं पाणी येतं, आणि तिसऱ्यातून दोन्ही मिसळून फरशीकडे जातं. बाथरूममधल्या मिक्सरसारखंच, फक्त इथं गार पाणी टाकीतून येत नाही, त्याच सर्किटचं परत आलेलं पाणी असतं. फरशीला साधारण ३० ते ४५ डिग्रीचं पाणी लागतं, रेडिएटरला त्याहून बरंच जास्त, म्हणून एकाच बॉयलरवर दोन्ही चालवायचं तर मध्ये हा लागतोच. फरशीच्या पृष्ठभागासाठी युरोपियन स्टँडर्ड ईएन १२६४ मध्ये राहत्या भागात २९ डिग्री आणि भिंतीकडेच्या पट्ट्यात ३५ डिग्री अशी मर्यादा आहे, त्यामुळे "थोडं जास्त गरम सोडू, लवकर तापेल" हा विचार डोक्यातून काढून टाका, लाकडी फरशी असेल तर फारच लवकर काढा.

आता तपासणी. एक पाइपला बांधायचा थर्मामीटर घ्या, शक्यतो तीन घ्या, आणि व्हॉल्व्हच्या तिन्ही तोंडांजवळ पाइपवर बांधून वरून इन्सुलेशन गुंडाळा. चौथं रीडिंग फरशीच्या रिटर्न मॅनिफोल्डवर, म्हणजे फरशीतले सगळे पाइप परत येऊन जिथं एकत्र जोडलेले असतात तिथं घ्या, ते का ते पुढे येईल. लेझरवाला थर्मामीटर चकचकीत तांब्याच्या पाइपवर चुकीचा आकडा दाखवतो, तिथं काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मोजलं तर बऱ्यापैकी बरोबर येतं. सिस्टीम तासभर तरी चालू असू द्या, थंड स्टार्टवर घेतलेले आकडे काही कामाचे नाहीत. फरशी जाड काँक्रीटमध्ये असते, तिला तापायला कित्येक तास लागतात, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने नॉब फिरवत बसलात तर तुम्हीच सिस्टीमला वेड लावताय.

आकडे आले की बरंच काही आपोआप कळतं. गरम तोंडाशीच पाणी गार असेल तर व्हॉल्व्हचा काही संबंध नाही, मागे बॉयलर, त्याचा पंप, फिल्टर किंवा बंद राहिलेला कॉक बघा. गरम तोंडाशी ७०, मिक्सला २८ आणि व्हॉल्व्ह फुल उघडा असूनही वर जात नाही, तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा गरम लाइनमधला फिल्टर चोंदलाय किंवा तिथला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा, चिकटलाय. मिक्सचं तापमान गरम पाण्याएवढंच येतंय तर रिटर्नकडून पाणी मिळतच नाहीये, नाहीतर तोंडं उलटी जोडलीत. हे उलटं जोडणं वाटतं तेवढं दुर्मिळ नाही, बॉडीवर बाण किंवा खुणा असतात त्या टॉर्च लावून एकदा नीट बघाच. आणि मिक्स ४० बरोबर येतंय पण फरशीतून परत येताना २५, म्हणजे पंधरा डिग्रीचा फरक, तर तापमान ठीक आहे पण पाणीच कमी फिरतंय. फरशीत साधारण ५ डिग्री, फार तर ८-१० चा फरक असावा.

हे पाणी कमी फिरण्याचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच आहे. व्हॉल्व्ह निवडताना लोक पाइपचा साइज बघतात, पाऊण इंची पाइप आहे ना, मग पाऊण इंची व्हॉल्व्ह. खरं बघायचं असतं केव्हीएस. केव्हीएस म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना त्याच्या दोन टोकांत १ बार प्रेशरचा फरक ठेवला तर तासाला किती घनमीटर पाणी जाईल तो आकडा. एकाच पाऊण इंची आट्यांच्या मापात १.६ चाही व्हॉल्व्ह मिळतो आणि ६.३ चाही, बाहेरून दोन्ही जवळपास सारखेच दिसतात.

हिशोब सोपा आहे. किलोवॉटला १.१६ ने आणि तापमानाच्या फरकाने भागा, तासाला किती घनमीटर पाणी लागतं ते येतं. समजा फरशीला १० किलोवॉट लागतात आणि फरक ५ डिग्रीचा धरला, तर १० भागिले ५.८, म्हणजे साधारण १.७ घनमीटर. आता या पाण्याला केव्हीएसने भागून वर्ग करा, व्हॉल्व्हमध्ये किती बार खर्च होतात ते मिळतं. केव्हीएस ४ असेल तर ०.१८ बार, ६.३ असेल तर ०.०७ बार, आणि १.६ असेल तर १.१ बारच्या वर. घरगुती पंप ६ मीटरचा म्हणतात तो पाणी अजिबात वाहत नसताना जेमतेम ०.६ बार देतो, वाहायला लागलं की त्याहून कमी. म्हणजे १.६ च्या व्हॉल्व्हमधून १.७ घनमीटर पाणी जाणं शक्यच नाही, जेमतेम एक घनमीटर जाईल, जवळच्या खोल्या तापतील आणि लांबच्या लूपमधल्या, म्हणजे फरशीतल्या लांबच्या पाइप-वेटोळ्यांवरच्या, खोल्या गारच राहतील. मग लोक मोठा पंप टाकतात, वीज जाते, पाइप घुमायला लागतात आणि खोली तरीही कोमट.

हा १.६ चा व्हॉल्व्ह येतो कुठून? बहुतेक वेळा तो नळाच्या गरम पाण्यासाठी बनवलेला असतो, कुणाचा हात भाजू नये म्हणून. नळाच्या लाइनला भरपूर प्रेशर असतं, तिथं तो उत्तम चालतो. हीटिंगच्या बंद सर्किटमध्ये मात्र तोच व्हॉल्व्ह गळा आवळतो. दुकानात नुसतं "थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह द्या" म्हटलं की हाच हातात पडण्याची शक्यता मोठी, म्हणून केव्हीएस विचारा, बॉडीवर किंवा कागदावर लिहिलेलं असतंच, आणि लिहिलेलं नसेल तर तो घेऊ नका. एखादा छोटा बाथरूमचा लूप असेल, दीड-दोन किलोवॉटचा, तर १.६ तिथं व्यवस्थित पुरतो, त्यामुळे व्हॉल्व्ह वाईट आहे असं म्हणणं नाही माझं.

मग मोठ्यात मोठा घ्यावा का? तेही नको, आणि ही दुसरी टोकाची चूक तितकीच होते. उदाहरण तेच घेऊ, बॉयलर ७५ देतोय, फरशीला ४० हवेत, रिटर्न ३५ येतोय. मिसळलेल्या पाण्यात गरम पाण्याचा वाटा किती लागतो? ४० वजा ३५ म्हणजे ५, भागिले ७५ वजा ३५ म्हणजे ४०. आठवा हिस्सा! १.७ घनमीटरपैकी गरम पाणी फक्त ०.२ च्या आसपास, मिनिटाला साडेतीन-चार लिटर. म्हणजे मोटरने ९० अंशांत फिरणारा व्हॉल्व्ह कायम बंदच्या टोकाजवळ जरासा उघडा राहून काम करतो, तिथं मोटरने एक छोटा झटका दिला तरी तापमान पाच-सात डिग्रीनं उडतं, मोटर चालवणारा कंट्रोलर घाबरून बंद करतो, मग गार पडतं, परत उघडतो. याला हंटिंग म्हणतात, आणि मोटर दिवसभर किर्र किर्र करत मागे-पुढे फिरताना ऐकू येत असेल तर तुमच्याकडे हेच चाललंय.

यावर पहिला उपाय फुकटातला, बॉयलरचं तापमान खाली आणा. ७५ च्या जागी ५० केलं तर तोच वाटा आठव्या हिश्श्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर जातो आणि व्हॉल्व्हला फिरायला जागा मिळते. रेडिएटर ५० वर पुरत नसतील तर हे जमणार नाही हे उघड आहे. दुसरा उपाय म्हणजे फिक्स बायपास, फरशीच्या रिटर्नमधलं अर्धं पाणी व्हॉल्व्हला वळसा घालून थेट पंपाच्या आधी मिक्स लाइनमध्ये सोडायचं. काही व्हॉल्व्हमध्ये तो आतच असतो, स्क्रूने उघडायचा, नसेल तर बाहेरून पाइप आणि किती पाणी जाऊ द्यायचं ते ठरवणारा एक बॅलन्सिंग कॉक. मग व्हॉल्व्हला फक्त उरलेलं अर्धं पाणी हाताळायचं असतं आणि तेही ४५ चं करून, गरम पाण्याचा वाटा चौथ्या हिश्श्यावर येतो, केव्हीएस २.५ चा व्हॉल्व्हसुद्धा ०.१२ बारमध्ये काम भागवतो. पण बायपास उघडा ठेवून पुढे कधी बॉयलर कमी तापमानावर आणलात, किंवा हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर ओढून पाणी तापवणारं यंत्र) लावलात, तर फरशीला पुरेसं गरम पाणी पोचणारच नाही, तेव्हा तो बंद करायला विसरू नका. जुन्या बॉयलरच्या जागी नवीन यंत्र बसवल्यावर "फरशी तापतच नाही" ही तक्रार आली की मी आधी हा बायपास शोधायला सांगतो.

हंटिंगचं आणखी एक कारण सेन्सर, म्हणजे पाण्याचं तापमान मोजून कंट्रोलरला कळवणारा. तो मिक्स लाइनवर पंपाच्या पुढे हवा, व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटून नको, कारण तिथं गरम आणि गार पाणी अजून नीट मिसळलेलं नसतं, पंपातून गेल्यावर मिसळतं. खूप लांबही नको, बदल कळेपर्यंत उशीर होतो. पाइप घासून स्वच्छ करायचा, थर्मल पेस्ट, घट्ट पट्टा आणि वरून इन्सुलेशन. केशनळीवाला हेड असेल, म्हणजे बारीक तांब्याच्या नळीच्या टोकाला बल्ब असतो तो, तर त्याचा बल्ब पॉकेटमध्ये, म्हणजे पाइपवरच्या त्याच्या खोबणीत, पूर्ण आत गेलाय ना ते बघा. बल्ब बाहेर निसटला की त्याला खोलीचं तापमान दिसतं, त्याला वाटतं पाणी गार आहे, तो व्हॉल्व्ह उघडत जातो आणि फरशीत ६०-७० चं पाणी शिरतं. म्हणूनच फरशीच्या लाइनवर ५५ च्या आसपास पंप बंद करणारा सेफ्टी थर्मोस्टॅट असतो, आणि तो सारखा ट्रिप होतो म्हणून तार शॉर्ट करून ठेवलेली दिसली तर आधी ती सोडवा, मग बाकीचं.

मोटर तीन वायरची असेल, म्हणजे एक न्यूट्रल, एक उघडण्याची आणि एक बंद करण्याची, तर त्या दोन उलट जोडल्या गेल्यात का तेही बघायचं. लक्षण गमतीशीर असतं, जितकं गार तितका व्हॉल्व्ह बंद होत जातो, शेवटी एका टोकाला जाऊन बसतो. वायर बदला किंवा कंट्रोलरमध्ये दिशा बदला, दोन्ही एकदम करू नका. आणि मोटर काढून व्हॉल्व्ह हाताने फिरवून बघा, हलका फिरायला हवा आणि काही मिनिटांत मिक्सचं तापमान बदलायला हवं. मोटर काढायलाच हवी असं नाही, बऱ्याच मोटरींना हाताने फिरवण्यासाठी मॅन्युअल बटण असतं. हाताने फिरत असेल पण मोटरनं फिरत नसेल तर मोटर किंवा कपलिंगचा प्लास्टिकचा तुकडा, दोन्हींनी फिरत नसेल तरच व्हॉल्व्हवर संशय घ्या. उन्हाळ्यात कंट्रोलरची वीज बंद करून ठेवणारे बरेच आहेत, पण बहुतेक कंट्रोलर अधूनमधून पंप आणि व्हॉल्व्ह जरासे हलवतात ते जाम होऊ नयेत म्हणूनच, वीज बंद केली की थंडीच्या पहिल्या दिवशी जाम मिळतो.

आता ते चौथं रीडिंग. फरशीच्या मॅनिफोल्डवरचा रिटर्न आणि व्हॉल्व्हच्या गार तोंडाजवळचा पाइप, दोन्हींचं तापमान जवळपास सारखं यायला हवं, कारण पाणी तेच आहे. गार तोंडाजवळ ६० आणि मॅनिफोल्डला ३० असेल तर तिथं पाणी उलटं वाहतंय! बॉयलरचा किंवा रेडिएटरचा पंप जोरात ढकलतो, गरम तोंडातून आलेलं पाणी फरशीकडे जायच्या ऐवजी गार तोंडातून बाहेर पडून सरळ रिटर्नला जातं. फरशी गार, बॉयलरला मात्र गरमच रिटर्न मिळतो, तो लगेच बंद होतो, लगेच चालू होतो, आणि त्याचं खापर बॉयलरवर फुटतं. मला विचाराल तर व्हॉल्व्ह दोन-दोनदा बदलूनही न सुटलेल्या केसमध्ये हे सगळ्यात आधी तपासण्यासारखं आहे, कारण थर्मामीटर न लावता हे कुणाला दिसतच नाही.

त्यावर गार फाट्यात चेक व्हॉल्व्ह टाकतात. उलटा प्रवाह थांबतो खरा, पण मूळ दुखणं, म्हणजे दोन पंप एकमेकांवर जोर करताहेत, ते तसंच राहतं, आता ते प्रेशर गरम पाणी फरशीत ढकलायला लागतं आणि रिटर्नचं पाणी आत शिरू शकत नाही. नीट उपाय म्हणजे बॉयलरचं सर्किट आणि फरशीचं सर्किट वेगळं करणं, मध्ये लो लॉस हेडर, म्हणजे दोन्ही सर्किटांना जोडणारा जाड पाइप, टाकून किंवा सप्लाय आणि रिटर्नचे दोन टी अगदी जवळ जवळ घेऊन, जेणेकरून एका पंपाचं प्रेशर दुसऱ्याला जाणवणार नाही. काम थोडं मोठं आहे, सिस्टीमचं पाणी काढावं लागतं, पण एकदाच करावं लागतं.

पंपाची जागा हा यातलाच भाग. मिक्सिंग करायचं तर फरशीचा पंप व्हॉल्व्हच्या मिक्स तोंडाच्या पुढे, फरशीच्या बाजूला हवा. तो गरम तोंडाच्या आधी, बॉयलरच्या बाजूला लावला तर रिटर्नचं पाणी ओढणारं कुणीच नसतं, व्हॉल्व्ह गरम बंद करायला लागला की फरशीतलं फिरणंच थांबतं. तसं जोडलेलं असेल तर पंप हलवल्याशिवाय दुसरा काही इलाज नाही, सेटिंगशी खेळत बसू नका. फरशीचा पंप बंद असताना फरशीची लाइन गरम होत असेल तर तेही दुसऱ्या पंपाच्या ढकलण्यानेच.

थर्मोस्टॅटिक घ्यायचा की मोटरवाला? फरशी कायम एकाच तापमानावर चालवायची असेल, लहान घर असेल, तर आत मेणाचं एलिमेंट असलेला थर्मोस्टॅटिक पुरे, वायर नाही, कंट्रोलर नाही, बिघडायला फारसं काही नाही. फक्त त्याला गरम पाणी सेट केलेल्या तापमानापेक्षा साधारण १० डिग्रीनं तरी जास्त लागतं, नाहीतर तो नीट मिसळू शकत नाही, आणि दोनेक डिग्री इकडे-तिकडे तो होणारच. बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचं तापमान कमी-जास्त व्हायला हवं असेल तर मोटरवाला आणि बाहेरच्या सेन्सरचा कंट्रोलर. मोटर मुद्दाम सावकाश फिरणारी घ्या, ९० अंशाला दोन मिनिटं घेणारी चांगली, झटपट फिरणारी घेतली तर हंटिंग विकत घेतलंत म्हणून समजा.

लाकडाचा बॉयलर असेल तर त्याच्या रिटर्नवर अजून एक व्हॉल्व्ह असतो, बॉयलरमध्ये परत जाणारं पाणी ५५-६० च्या खाली जाऊ नये म्हणून, नाहीतर आत डांबर साचतं आणि पत्रा गंजतो. त्याचं काम वेगळं, फरशीच्या व्हॉल्व्हचं वेगळं, एकाच्या जागी दुसरा चालत नाही आणि एक आहे म्हणून दुसरा काढूनही टाकता येत नाही. कंडेन्सिंग गॅस बॉयलरला उलट गार रिटर्नच हवा असतो, साधारण ५५ च्या खाली आला तरच धुरातली वाफ पाणी होऊन तिची उष्णता परत मिळते.

आणि घरात फक्त फरशीच आहे, रेडिएटर एकही नाही, उष्णता कंडेन्सिंग बॉयलर किंवा हीट पंपातून येते, तर मला सांगा मिक्सिंग व्हॉल्व्ह कशाला? यंत्रालाच ३५-४० चं पाणी द्यायला सांगा. हीट पंपाने ५० चं बनवायचं आणि मग व्हॉल्व्हने गार पाणी मिसळून ३५ करायचं यात नुसती वीज जाते, दर डिग्रीमागे साधारण दोन ते अडीच टक्के. अशा घरात सेफ्टी थर्मोस्टॅट ठेवा, व्हॉल्व्ह काढून टाका.

एक राहिलंच, पाणी काळं येतंय का बघा. ड्रेनमधून बादलीभर काढा, शाईसारखं काळं असेल तर लोखंडाचा गंज फिरतोय, तो व्हॉल्व्हच्या आत आणि पंपात बसतो, आणि मग नवा व्हॉल्व्ह खरोखरच एका सीझनमध्ये जाम होतो. आधी सिस्टीम फ्लश, म्हणजे आतून धुऊन घेणं, रिटर्नला मॅग्नेटवाला फिल्टर, आणि गंज कुठून येतोय त्याचा शोध, म्हणजे कुठं हवा आत शिरतेय का, एक्स्पान्शन टँकमधली (तापून वाढलेलं पाणी सामावणाऱ्या टाकीतली) हवा गेलीय का, सारखं नवीन पाणी भरावं लागतंय का. जुन्या प्लास्टिक पाइपला ऑक्सिजन अडवणारा थर नसेल तर हवा पाइपातूनच झिरपते, तिथं फरशीचं सर्किट प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन्हीकडचं पाणी न मिसळता फक्त उष्णता पलीकडे देणारा) टाकून वेगळं करतात, म्हणजे निदान बॉयलर आणि रेडिएटर तरी वाचतात.

मदत विचारायची असेल तर एवढं लिहा: चारही पाइपचे आकडे, व्हॉल्व्हचा केव्हीएस, पंप कुठं आहे, बॉयलर कुठला आणि किती डिग्रीवर, आणि मॅनिफोल्डवर किती लूप उघडे आहेत. पाइपांचा फोटो टाकलात तर उत्तमच, पण इन्सुलेशन काढून काढा, गुंडाळलेल्या पाइपांत कुठलं तोंड कुठं जातंय ते कुणालाच कळत नाही.